नळी आगीच्या बुडाशी धरा

२ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. बसस्टँडच्या बिनखिडकीच्या खोलीत बसून जन्मभर माइकवरून न दिसणाऱ्या माणसांशी बोललीस, आता रिटायर झाल्यावर तेच काम फुकट करणार नाही, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. फक्त माझं अक्षर वाचता आलं नाही तर दोष फोनला दे.

बातमी अशी की कंपनीने मला गोदामातून काढलं. नोकरीवरून नाही, नुसतं गोदामातून. आजवर माझं काम एवढंच होतं, की आग विझवायची नळकांडी वजनकाट्यावर ठेवायची आणि वजन कमी भरलं की ती पुन्हा भरायला पाठवायची. नळकांडी उलटून बोलत नाहीत, त्यामुळे माझं कुणाशी वाजलं नाही. पण आमचे प्रात्यक्षिकवाले काका, म्हणजे जे ऑफिसांत, कारखान्यांत जाऊन नळकांडं कसं वापरायचं ते लोकांना समजावतात, त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. साहेब गोदामात आले आणि कॉलेजात गेलेलं इथे कोण आहे असं विचारलं. मी हात वर केला. कॉलेजातून पुरतं बाहेर पडलेलं कोण, असं त्यांनी विचारलं नाही.

पहिलं भाषण परवा एका विम्याच्या ऑफिसात झालं. झालं म्हणजे काय ते ऐक. मी नळकांडं टेबलावर ठेवलं, कागद उघडला आणि जीभ टाळ्याला चिकटली. कागदावरची अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागली. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ मोबाइलवर कुणाच्या तरी लग्नाचे फोटो बघत होते. त्यांनी जांभई दिली. ती जांभई पाहिली आणि माझं डोकं फिरलं. मी त्यांना उभं केलं आणि विचारलं की टेबलाला आग लागली तर ते ती याच फोटोंनी विझवणार का. आत्या, त्यानंतर मी असा बोललो की काय सांगू. शब्द शोधावा लागला नाही. पण सगळं त्या गृहस्थांबद्दल. त्यांची बसायची पद्धत, त्यांचा शर्ट, त्यांची पिढी. आगीचा उल्लेख एकदा आला, तोही शिवी म्हणून. ते गृहस्थ त्या ऑफिसचे मॅनेजर निघाले.

साहेबांनी शेवटची संधी दिली आहे. नदीपलीकडे एक पॅकिंगचा कारखाना आहे, तिथे पाळ्या-पाळ्यांनी भाषणं करायची आणि मार्चमध्ये मोठ्या हॉलमध्ये पाहुण्यांसमोर एक. जमलं तर प्रात्यक्षिकवाला म्हणून कायम. नाही जमलं तर परत गोदामातही जागा नाही, वजनकाटा दुसऱ्याला दिलाय. म्हणजे घरी यावं लागेल, आणि घरी बाबा आहेत.

माझा रोग तुला कळला असेल. राग आला नाही तर तोंड उघडत नाही, आणि राग आला की विषय पळून जातो. तुझा आवाज अख्ख्या गावाने ऐकलाय. काहीतरी औषध सांग.

बाबांना नमस्कार सांग. ते घेणार नाहीत, तरी सांगून ठेव.

लोभ असावा, आणि उत्तर परतटपाली असावं.

तुझा,
भडक्या


९ जानेवारी

चि. भडक्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. आग विझवणाऱ्या कंपनीने तुला बोलायला उभं केलं हे वाचून कंपनीच्या धाडसाचं कौतुक वाटलं. त्यांना तुझी मागची कामगिरी ठाऊक नसावी. कॉलेजच्या संमेलनात तू आभार मानायला उभा राहिलास, शब्द फुटेना, मागची पोरं खिदळली, तर तू पाण्याचा जग भिरकावलास. माफी माग म्हटलं तर कॉलेजच सोडलंस. आभारप्रदर्शनात प्रमुख पाहुणे भिजल्याचं मी तरी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही.

आता औषध. पहिलं म्हणजे तो कागद फाड. मी माइकवरून काय सांगायची? कुठली गाडी, कुठल्या फलाटावर, किती वाजता. बस कुठल्या कारखान्यात बनली हे मी कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. तुझ्या ऐकणाऱ्याला घरी नेण्यासारख्या तीन गोष्टी ठरव, बाकीच्या पोटात ठेव.

दुसरं, समोरच्या माणसांतला एक बरा चेहरा निवड आणि त्याच्याशी बोल. जांभई देणारा निवडू नकोस. तिसरं, भीती वाटली की माणूस भराभर बोलतो. तू उलट कर, सावकाश जा, आणि वाक्याचा शेवटचा शब्द गिळू नकोस. ‘गाडी सुटणार’ म्हणताना ‘नाही’ गिळलं तर काय होतं ते मी पाहिलंय. आणि रागाचं म्हणशील, तर बंद पडलेली गाडी ढकलून सुरू करावी. पण म्हणून मुक्कामाच्या गावापर्यंत ढकलतच जाऊ नये.

तुझ्या बापाला नमस्कार सांगितला. त्याने ओठांवर बोट ठेवलं. कॉलेजच्या ग्रंथालयात हयात घालवलेल्या माणसाला तेवढंच येतं. सगळी पोरं ज्याच्या बोटाला घाबरायची त्याचाच पोरगा जग फेकून निघून गेला, हे त्याच्या अजून घशाखाली उतरत नाही. तुझं पत्र त्याने वाचलं नाही असं तो म्हणतो. मी ते दुहेरी घडी घालून टेबलावर ठेवलं होतं, संध्याकाळी चौपदरी सापडलं.

जेवणाची आबाळ करू नकोस. लोभ आहेच, तो वाढवायची तुझ्याकडून अपेक्षा नाही.

आत्या


२१ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बसली असशील तर वाच, उभी असशील तर बस. माझी तीन भाषणं झाली आणि तिन्ही गाजली.

कारखान्यात पोचल्यावर कळलं की तिथल्या बहुतेक कामगारांना ऐकू येत नाही. साहेबांनी हे मला सांगितलं नव्हतं; बहुधा म्हणूनच मला तिथे पाठवलं. मी बोलायचं आणि शेजारी उभी राहून एक दुभाषी मुलगी ते हातांच्या खुणांनी सांगायची, अशी व्यवस्था. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या भिंतींमध्ये मोकळी जागा, लाकडी बाकं, वर ट्यूबलाइट, आणि समोर निळ्या अंगरख्यातली माणसं. मी तोंड उघडलं आणि आत्या, कुणीही माझ्याकडे बघेना. सगळ्यांचे डोळे तिच्या हातांवर. माझी भीती जागच्या जागी गेली. मी नळकांड्याचा शोध, आमच्या कंपनीची स्थापना, संस्थापकांचे हाल, आगीचे प्रकार, सगळं सांगितलं. राग आला नाही तरी बोललो. शेवटचे शब्द एकही गिळले नाहीत.

आणि लोक हसले. मी संस्थापकांच्या हालांबद्दल सांगत होतो तेव्हा तर बाकं हलली. माझ्यात विनोद आहे हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी सगळ्यांनी दोन्ही हात वर करून पंजे हलवले. मला वाटलं प्रश्न विचारायचेत, म्हणून मी एकेकाने विचारा म्हटलं. मग दुभाषीने सांगितलं की हे प्रश्न नाहीत, या टाळ्या आहेत. ऐकू येत नाहीत त्या टाळ्या काय कामाच्या, म्हणून ते दिसतील अशा वाजवतात.

तू म्हणाली होतीस एक बरा चेहरा निवड. मी दुभाषीचा निवडला. ती माझ्या शेजारीच असते, त्यामुळे मला तिच्याकडे वळून बोलावं लागतं आणि श्रोत्यांना माझा कान दिसतो, पण त्यांची काही तक्रार नाही. ती केस घट्ट बांधते आणि काळे कपडे घालते, हात नीट उठून दिसावेत म्हणून. बोटांत अंगठी नाही, हे मी कामाच्या दृष्टीनेच पाहिलं. तिची भाषा मोठी विलक्षण आहे. मी बराच वेळ बोललो की कधी कधी ती एकच खूण करते. आणि कधी मी एक वाक्य बोलून थांबलो तरी तिचे हात चालूच असतात. काटकसर आणि उधळपट्टी एकाच भाषेत मी पहिल्यांदा पाहिली.

मला झोप येत नाही. भूकही नाही. हे भाषणाच्या यशामुळे असावं.

बाबांना सांग, लोक हसले ते माझ्यावर नाही, माझ्यामुळे.

लोभ आहे तो असू दे, थोडा मत्सर वाटला तरी चालेल.

तुझा,
भडक्या


२७ जानेवारी

चि. भडक्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

यशाची बातमी वाचून आनंद झाला. आनंद ओसरल्यावर पुन्हा एकदा वाचलं.

तुला लहानपणापासून ओळखते. तू चुटका सांगायचास तो शेवटापासून. तेव्हा संस्थापकांच्या हालांत बाकं हलण्यासारखं नेमकं काय होतं, ते मला सविस्तर लिही. मी कारकिर्दीच्या सुरुवातीला जीव तोडून घोषणा करायचे आणि माणसं भलत्याच फलाटावर उभी दिसायची. पुढे कळलं की कर्ण्याची तार उंदराने कुरतडली होती. माझं बोलणं खोलीत अगदी चोख होतं. बोलणं आपल्या तोंडातून काय निघालं यावर मोजू नये, पलीकडे काय पोचलं यावर मोजावं. एकदा चौकशी कर, लोक कशाला हसले.

झोप आणि भूक यांचा भाषणाशी संबंध नाही. गेल्या खेपेला पोस्टातली तिकिटं देणारी होती तेव्हाही तुझी हीच लक्षणं होती, आणि घरात वर्षभर पुरतील एवढी तिकिटं साठली. ती आता उपयोगी पडताहेत, हा भाग वेगळा.

तुझ्या बापाला निरोप सांगितला. तो म्हणाला की आपण काही विचारलं नव्हतं. मग तासाभराने येऊन विचारलं की पंजे कसे हलवतात, सरळ की फिरवून. मला माहीत नाही म्हटलं.

मत्सर वाटला नाही, काळजी वाटली. लोभ त्यातच धरावा.

आत्या


१२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी ते दोनदा चुरगाळलं आणि तीनदा सरळ केलं. एक दिवस मी चांगलं बोललो तर घरच्यांना त्यात उंदीर दिसतो. मी काही चौकशी करणार नाही. हसणाऱ्याला का हसलास विचारणं शोभत नाही.

इकडे माझी किंमत कळली आहे. साहेब एका पाळीला मागे उभे राहून गेले आणि जाताना पाठीवर थाप मारली. हॉलचा कार्यक्रम नऊ मार्चला ठरला. चार कारखान्यांचे कामगार येणार, पाहुणे येणार, आणि त्या विम्याच्या ऑफिसचे मॅनेजरही येणार, कारण हॉलचा विमा त्यांचाच आहे. ते जमलं की मी आणि दुभाषी अशी जोडी कारखान्याकारखान्यांतून फिरवायचा साहेबांचा बेत आहे. जोडी हा शब्द साहेबांचा. मी फक्त तो मनात पुन्हा पुन्हा म्हणतो.

आता तुला एक गुपित सांगतो, बाबांना सांगू नकोस, म्हणजे पत्र टेबलावर ठेवू नकोस. मी खुणांची भाषा शिकतोय. कारखान्याच्या मुकादम बाई, ज्यांना जन्मापासून ऐकू येत नाही, त्या पाळी सुटल्यावर मला खोक्यांमागे बसवून शिकवतात. बाई कडक आहेत. चुकलं की बोटांवर मोजपट्टी मारतात. दुभाषीला हे माहीत नाही. मला जे तिला सांगायचंय ते तोंडाने सांगितलं तर मी रागावलोय असं वाटेल, माझा आवाजच तसा आहे. म्हणून हातांनी सांगणार. मुकादम बाईंना मी कागदावर लिहून एवढंच विचारलं होतं की ‘मला तू आवडतेस’ कसं म्हणतात. त्यांनी कुणाला म्हणायचंय ते न विचारता दुभाषीच्या टेबलाकडे बोट दाखवलं. एवढं उघड आहे असं मला वाटलं नव्हतं.

राग अजून गेलेला नाही. लोभ असावा, माझाही आहे, सध्या तो रागाखाली आहे.

भडक्या


२४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न.

तू बरोबर होतीस. एवढंच लिहून पत्र संपवणार होतो.

काल भाषण चालू असताना मी सवयीने तिच्या हातांकडे बघत होतो, आणि आत्या, मला ते कळायला लागले. सगळे नाही, पण पुरेसे. मी कंपनीच्या स्थापनेचं साल सांगत होतो आणि ती सांगत होती की मागच्या दारासमोर रचलेली खोकी आज हलवा, आग लागली तर तेच दार जवळचं आहे. मी संस्थापकांच्या हालांवर आलो तेव्हा तिने सांगितलं की वक्ता आता डोळे मिटून हात पसरणार. मी डोळे मिटले आणि हात पसरले. बाकं हलली. मग मी आगीच्या प्रकारांवर बोलताना तिने नळकांड्याची पिन कशी काढायची ते हातांनी दाखवलं, अगदी पाणी प्यावं इतकं सोपं.

माझं भाषण तिथे पोचलंच नव्हतं. एकदाही नाही. पोचत होतं ते तिचं.

पुढचं मला पुसट आठवतं. मी भर सभेत तिच्यावर ओरडलो. माझे शब्द कुठे टाकलेस, मला वेड्यात काढलंस, तुझा पगार माझं सांगायचा आहे की तुझं, असं बरंच. तिने काय केलं असेल? श्रोत्यांकडे तोंड केलं आणि ते सगळं खुणांनी सांगितलं. शब्दाला शब्द. काही गाळलं नाही, काही घातलं नाही. मग स्वतःचं उत्तरही दोन्ही भाषांत दिलं, की तुझ्या एवढ्या लांबलचक बोलण्यातून पिन कशी काढायची हे कुणालाही कळलं नसतं, आणि या खोक्यांमध्ये ही माणसं दिवसभर असतात, मी नाही आणि तूही नाहीस. लोकांनी पंजे हलवले. कुणासाठी ते मला विचारवलं नाही.

मुकादम बाईंनी मला मोजपट्टीने दार दाखवलं.

साहेबांना मी उद्या सांगणार आहे की हॉल मला जमणार नाही. मग घरी येतो. बाबांच्या समोरची खोली नको, माळ्यावर झोपेन.

तुझा,
भडक्या


२८ फेब्रुवारी

चि. भडक्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

माळ्यावर पापड वाळत घालायच्या जुन्या खाटा ठेवल्या आहेत, तिथे जागा नाही.

साहेबांना काही सांगितलं असशील तर ते परत घे. नसशील तर गप्प बस, हे तुला आयुष्यात एकदा तरी जमू दे.

तुला एक गोष्ट सांगते. मला तू सगळ्या गावाला ऐकवणारी समजतोस. मी रिटायर झाले तेव्हा स्टँडवर समारंभ केला होता. हारतुरे, खुर्च्या, आणि दोन शब्द बोला म्हणून माइक. समोर एवढी माणसं, आणि सगळ्यांना डोळे. मी म्हटलं जरा थांबा, आणि चालत माझ्या खोलीत गेले, दार लावलं, आणि तिथल्या माइकवरून दोन शब्द बोलले. लोक अर्धा तास भिंतीवरच्या कर्ण्याकडे मान वर करून उभे होते. फार छान बोलल्या म्हणाले. मी बाहेर आले तेव्हा हार कोमेजला होता.

तेव्हा तुला काय झालंय ते मला कळतं. तुलाही खोली मिळाली होती. ती मुलगी म्हणजे तुझी भिंत होती, आणि भिंत असली की कुणीही वक्ता होतो. आता भिंत पडली. मला त्या वयात कुणी पाडून दिली नाही.

आणि एक बघ. तू तिच्यावर ओरडलास तेव्हा तिने शब्दाला शब्द सांगितलं. का सांगितलं असेल? त्यात सांगण्यासारखं होतं म्हणून. मला तुझं ओरडणं आवडलं असं समजू नकोस. पण तिच्याकडे जा, माफी माग, जग घरी ठेवून जा, आणि ती इतके दिवस काय सांगत होती ते सगळं विचारून घे. ते तुझंच भाषण आहे, फक्त तू ते अजून केलेलं नाहीस.

हे पत्र मी टाकायला निघाले तर तुझा बाप म्हणाला की पाकिटात अजून जागा आहे, वजन वाढणार नाही. काही लिहायचंय का विचारलं तर नाही म्हणाला. मग हॉलचा पत्ता पत्रात आला होता का, एवढंच विचारलं.

लोभ आहे. तो घेऊन माळ्यावर येऊ नकोस.

आत्या


१४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

साहेबांना मी काही सांगितलं नव्हतं, त्या दिवशी ते दातांच्या डॉक्टरकडे होते. माझ्या आयुष्यातलं एवढं एकच गप्प बसणं, तेही दाढेमुळे.

माफी मागायला गेलो तेव्हा ती पाट्या रंगवत होती. ‘बाहेर’ असं लिहून खाली बाण. मी माफी मागितली. ती म्हणाली की रागावण्यासारखं काही नाही, उलट त्या दिवशी मी पहिल्यांदा समोरच्या माणसाकडे बघून, छोट्या वाक्यांत, मला काय हवंय ते सांगितलं, त्यामुळे तिला प्रथमच काही दुरुस्ती करावी लागली नाही. फक्त विषय चुकला. मग तिने अट घातली की मी कानात कापूस घालून बाकावर कामगारांमध्ये बसायचं आणि तिचं बोलणं नुसतं बघायचं. बसलो. आत्या, त्यात तीनच गोष्टी होत्या. दार कुठे आहे. पिन काढा. नळी ज्वाळांवर नाही, आगीच्या बुडाशी धरा आणि डावी-उजवीकडे फिरवा. तू पहिल्याच पत्रात तीन म्हणाली होतीस. मी ते वाचलं होतं, पण मला वाटलं ते साध्या माणसांसाठी आहे.

मी तिला म्हटलं की हॉलमध्ये मी हातांनी बोलेन, पाहुण्यांसाठी तू तोंडाने सांग. तिने माझे हात बघितले आणि ते पुटपुटतात असं सांगितलं. मुकादम बाईंनी मोजपट्टी पुन्हा काढली.

हॉल भरला होता. मी पुढे आलो. या वेळी सगळे डोळे माझ्यावर, आणि शेजारी कुणी नाही. ती दूर बाजूला, माइकपाशी, माझ्याकडे तोंड करून. मी राग शोधला, तो कुठेच मिळेना. पहिल्या रांगेत विम्याचे मॅनेजर होते, त्यांच्याकडे बघूनही आला नाही. हात खिशातून निघेनात. मग काढले आणि जे खरं होतं ते सांगितलं, की मी घाबरलोय. तिने माइकवरून ‘मी घाबरलोय’ म्हटलं, पण एवढ्या शांत आवाजात की विम्याच्या मॅनेजरना ती स्वतःचंच सांगतेय असं वाटलं आणि ते उठून तिला पाण्याचा पेला देऊन आले. संमेलनातल्या त्या जगानंतर पाणी मला कधीच दिलं जाणार नाही, हे मी समजू शकतो.

दार सांगितलं. पिन सांगितली. आणि बुडाशी धरा म्हणताना हात विसरले. संपूर्ण कोरे. मी उभा राहिलो आणि तिच्याकडे पाहिलं. तिला येत होतं, माइक हातात होता, ती सहज म्हणू शकली असती. पण या वेळी तिने माझ्या जागी एक अक्षर घातलं नाही. मुकादम बाई तिसऱ्या रांगेत होत्या, त्यांनी मोजपट्टी मांडीखाली ठेवली. मी गोदामातलं नळकांडं आठवलं, त्याचं वजन आठवलं, मनगटं आपोआप खाली झुकली आणि खूण आली. ती माइकवरून म्हणाली, नळी आगीच्या बुडाशी धरा. मी जे म्हटलं तेच. मी पहिल्यांदा स्वतःचं भाषण कानांनी ऐकलं.

मग अंगणात लोखंडी परातीत आग लावली आणि कुणीतरी पुढे या म्हटलं. एक कामगार बाई आल्या. त्यांनी पिन काढली, बुडाशी धरलं, फिरवलं, विझवलं आणि परत जागेवर जाऊन बसल्या. मी एक शब्द सांगितला नाही. सगळ्यांनी पंजे हलवले. साहेब आधी टाळ्या वाजवत होते, मग इकडेतिकडे बघून त्यांनीही हात वर केले. नोकरी कायम झाली.

तिला जे सांगायचं होतं ते मी स्टेजवर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला ते माइकवरून विम्याच्या मॅनेजरना ऐकवावं लागलं असतं. संध्याकाळी बसथांब्यावर सांगितलं, हातांनी. ती म्हणाली हात अजून पुटपुटताहेत, पुन्हा सांग. पुन्हा सांगितलं. ती म्हणाली रस्त्यापलीकडून दिसेल असं सांग. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो आणि तिथून सांगितलं. थांब्यावरच्या सगळ्यांनी पाहिलं, पण माझी काही हरकत नव्हती. मध्ये बस आली, थांबली आणि गेली. ती चढली नव्हती.

एक विचारायचं राहिलं. हॉलमध्ये अगदी शेवटच्या रांगेत छत्री मांडीवर घेतलेला एक माणूस होता. आग विझेपर्यंत होता. मी गर्दीतून मागे पोचेतो खुर्ची रिकामी होती. बाबा त्या दिवशी घरीच होते ना?

लोभ असावा. तो आता दोघांत वाटून घ्यावा लागेल.

तुझा,
भडक्या


१८ मार्च

चि. भडक्यास,
अनेक आशीर्वाद, अर्धे त्या मुलीला. वि. वि.

तुझा बाप त्या दिवशी चष्म्याची काडी बदलायला जातो म्हणून सकाळच्या पहिल्या गाडीने गेला आणि रात्री त्याच काडीने परत आला.  

दुसऱ्या दिवशी मी तव्याखाली गॅस मोठा ठेवून दाराशी भाजी घ्यायला गेले होते. परत आले तर हा स्वयंपाकघरात उभा. गॅस बंद केलेला. मला म्हणाला नाही की निष्काळजी आहेस. त्याने आधी मागच्या दाराकडे बोट दाखवलं, तिथलं कांद्याचं पोतं हलव म्हणून. मग हवेतल्या हवेत काहीतरी उपसल्यासारखं केलं, मनगटं खाली झुकवली आणि शेगडीच्या बुडाशी दोन्ही हात डावी-उजवीकडे फिरवले. तोंडाने चकार शब्द नाही. ओठांवर बोट ठेवण्यापलीकडे हा माणूस हातांनी काही बोलला, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मला सगळं कळलं. पोतं हलवलं.

तो अजून तुझ्याशी बोलत नाही. तसं मी तुला खोटं लिहिणार नाही. काल जेवताना तुझं पत्र मी त्याच्यासमोर उघडंच ठेवलं आणि स्पष्ट विचारलं, की पोरगा बोलला तरी कसा.

त्याने ताट बाजूला सरकवलं. हात धुतले, पुसले, पुन्हा येऊन बसला. मग दोन्ही हात कानांच्या वर नेले आणि पंजे हलवले. बराच वेळ. सरळ नाही, फिरवून.

लोभ आहे, तो इकडून दोघांचा धरावा.

आत्या